कुंभारणीची मूठ

पूर्वी शालीपुरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. सुमंत हे त्यांचे नाव. एका गावाजवळ नदीच्या खिंडीत बंधारा घालायचा होता आणि जागा सुमंतांनीच निवडली होती. राजाने बजावले होते, पौर्णिमेला गावाची संमती आण, नाहीतर अमात्याची मुद्रा परत कर.

त्या गावाची एक रीत होती. ज्याला काम मान्य, त्याने कामाच्या जागेची मूठभर माती आणून सभेत ढिगावर टाकायची. मूठ मात्र जमीनवाल्यांचीच. पौर्णिमेच्या सकाळी भराभर मुठी पडल्या, ढीग गुडघाभर झाला. सुमंत समाधानाने उठले आणि त्यांना सभेबाहेर वडाखाली उभे असलेले कुंभार दिसले. त्यांची घरे खिंडीच्या अगदी खाली होती. यांच्या मुठी कुठे आहेत, असे त्यांनी विचारले.

गावचा प्रमुख ग्रामणी हसला. "यांना विचारायचं, तर यांच्या गाढवांनाही विचारावं लागेल, स्वामी."

सभा हसली. सुमंतांना हसू आले नाही. बंधारा फुटला तर पाणी आधी यांच्याच उंबऱ्यावर येणार होते. त्यांनी ढिगातली माती उचलली आणि गोमा नावाच्या म्हाताऱ्या कुंभारणीच्या हातावर ठेवली.

गोमाने सवयीने ती अंगठ्याने चोळली. मग खाली बघतच म्हणाली, "बाबा, इथली माती घेणं आम्ही कधीच सोडलं. वर चिकणमाती, हातभर खाली नुसती वाळू. इथल्या मातीची मडकी पाझरतात. तुमचा बंधारा कसा धरेल?"

सुमंतांनी तिथे खणून पाहिले. वाळूतून पाणी झिरपत होते.

ढीग तयार होता. तो राजाला दाखवला असता तर मुद्रा राहिली असती. सुमंतांनी तो आपल्या हातांनी मोडला आणि राजासमोर जाऊन सांगितले, "चूक माझी. ज्यांची घरं बुडणार, त्यांनाच मी विचारलं नव्हतं."

राजाने मुद्रा काढून घेतली, पण नव्या जागेला नकार दिला नाही. सुमंत गावी परतले आणि कुंभारांना घेऊन सभेत बसले. सगळ्यांनी मिळून वरच्या अंगाचा काळा खडक निवडला. पहिली मूठ गोमाची पडली.

पुढच्या पुराने खिंडीचा काठ खरवडून नेला. खडकावरचा बंधारा हलला नाही. राजा मुद्रा घेऊन गावात आला, तेव्हा सुमंत म्हणाले, आधी गावाला विचारावे. मग गोमा उठली आणि तिने मूठभर माती मध्ये टाकली. तिच्यामागून ग्रामणी उठला.

ही कथा सांगून शास्ते भिक्खूंना म्हणाले, "तो अरिंदम म्हणजे आपला आनंद, गोमा म्हणजे भिक्खुणी उत्पलवर्णा आणि सुमंत मीच होतो. आपली चूक चारचौघांत कबूल करून सभेबाहेरच्याला आत घेणे, ती माझी त्या जन्मीची सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा."