अंतरपाटाचे फेटे

एक होतं तळं. तळ्यात राहायची आसरा, म्हणजे पाण्यातली बाई. आणि काठावर होता कुंभारवाडा. पाय पांघरुणात घे रे, गार पडतील.

तर एकदा काय झालं, भिवा नावाच्या पोरानं आसरेला न विचारता तळ्यात जाळं टाकलं. आसरा वर आली. म्हणाली, "मला काठावर उभं राहायला बगळा हवाच आहे. उद्या दिवस मावळायच्या आत तुझं लग्न लागलं तर तू माणसांचा. नाही लागलं तर माझा."

भिवाचं ठरलं होतं कुंभाराच्या राहीशी. राही म्हणाली, "मग उद्याच लावू. लागतं काय लग्नाला? दोन हार, ओंजळभर अक्षता, गुळाची लापशी आणि अंतरपाट धरायला बाबांचं एक धोतर."

झालं की नाही सगळं? झालंच असतं, बरं का. पण सकाळी पाहुणे आले.

आधी आले मामा. "भाचीचं लग्न, आणि सनई नाही? मग मला बोलावलंत कशाला?" मामा रुसून तळ्याकाठी जाऊन उभे राहिले. मग राहीचे बाबा हात जोडून त्यांच्यामागे गेले. मग सनईवाल्याला आणायला माणूस पलीकडच्या गावी धावला. ऊन डोक्यावर आलं. इकडे भिवाचे पाय काडीसारखे बारीक आणि काळे झाले.

मग आली आत्या. आहेराची घडी मोडून बघते तर काय! "हे लुगडं नेसायला दिलंय की पोतेरं करायला?" तीही गेली काठावर. बाबा पुन्हा हात जोडून मागे. मग राहीसाठी घेतलेलं नवं लुगडं आत्याला गेलं, आणि राही जुन्यातच बसली. भिवाच्या दंडांवर पांढरी पिसं फुटली.

त्यांना पिसं दिसत नव्हती का, म्हणतोस? दिसत होती की. आत्या म्हणालीसुद्धा, "जावई आज जरा गोरा वाटतोय."

मग आले थोरले काका. "मामांचं ऐकलंत, आत्याचं ऐकलंत. आमच्या डोक्याला फेटा नाही?" घरात फडकंसुद्धा उरलं नव्हतं. मग बाबांनी काय केलं असेल? अंतरपाटाचं धोतर टरटरा फाडलं! एक फेटा काकांना, एक मामांना. आत्या बघत होती, म्हणून तिच्याही डोक्यावर एक तुकडा. काकांनी काठावर जाऊन मामांचा शेमला, म्हणजे फेट्याचं लोंबतं टोक, स्वतःच्या शेमल्याला लावून बघितला. "ह्याचा लांब! माझा आखूड!" झालं. काकाही तिथंच रुसून राहिले, मामा-आत्याच्या शेजारी.

भिवाची मान लांब झाली. तोंडाची चोच झाली, शब्द फुटेना. सूर्य पाण्याला टेकला, आणि बाबा हात जोडून पुन्हा काठाकडे निघाले.

राही सकाळपासून मुंडावळ्या बांधून खाली बघत बसली होती. नवरीनं बोलायचं नसतं ना! पण कुंभाराची भट्टी पाहिलीत का कधी? वरून नुसती राख. आत सगळं लालभडक. तशी राही उठली.

"बाबा, हात सोडा!"

बाबा वळले.

"सकाळपासून जोडलेत. माझ्या डोक्यावर अक्षता टाकायला दुसरे हात आणणार आहात का?"

"अगं, पण काका रुसलेत..."

"रुसू देत! माझा माणूस चाललाय डोळ्यांदेखत, आणि हे शेमले मोजताहेत!"

"अंतरपाट तरी..."

"तो त्यांच्या डोक्यांवर आहे. राहू दे. मला भिवा दिसायला हवा."

मग तिनं हार भिवाच्या लांबलचक मानेत घातला. त्यानं दुसरा चोचीनं उचलून तिला घातला. पाहुण्यांचे हात नारळांनी आणि आहेरांनी भरलेले. रिकामे होते ते फक्त पोरांचे, कारण पोरांचा मान करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मग बाबांनी हात सोडले. पहिली मूठ त्यांची. मग पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली, "शुभमंगल सावधान!" आणि अक्षतांचा नुसता मारा केला. तांदूळ लागला की पीस गळायचं. तांदूळ लागला की पीस गळायचं. सूर्य बुडाला तेव्हा भिवा अख्खा माणूस होता. कानामागे एक पीस तेवढं राहिलं. राहीनं ते राहू दिलं.

सनईवाला आला तो लापशीला.

मग आसरा वर आली. तिला बगळा हवाच होता. काठावर तिघं उभे होते, बोलवायला कोण येतंय ते बघत. कोणीच आलं नाही. आसरेनं त्या तिघांना ठेवून घेतलं.

राही आणि भिवा सुखात राहिले. बाबाही राहिले, मोकळ्या हातांनी. आणि ते तिघं अजून तिथंच आहेत. तळ्यावर गेलात की बघा, पांढरे शुभ्र, एक पाय वर, तोंड गावाकडे. आपण हाक मारायची नाही. उभे राहू देत त्यांना.

तुम्ही मिटा बघू डोळे.