चिताऱ्याचा काठ

सांगायचं अगदी जिवावर आलंय. पण सरपंचांनी तुम्हाला माझ्याच अंगणात आणून बसवलं, आता उठा कसं म्हणू. शहरातून गळ्यात कॅमेरे अडकवून कोणी ना कोणी येतं, तळं बघतं आणि तेच विचारतं, इतका देखणा काठ, आणि तिथेच मसण कसं? जसं काही मसण मीच आणून ठेवलंय. तर ऐका, आणि ऐकताना फोन बघायचा नाही.

तळ्याला दोन काठ. उत्तरेचा काठ बोडका, नुसते खड्डे आणि बाभळी. दक्षिणेला अर्जुनाची पांढऱ्या खोडांची झाडं, त्यांची मुळं पार पाण्यात उतरलेली. फांदीवर खंड्या, खाली हळदीकुंकू बदकं. त्याच सावलीत आमच्या गावची माणसं जळतात.

पूर्वी असं नव्हतं, असं सांगतात. मसण टेकडीमागच्या उघड्या माळावर होतं आणि तळ्याचे दोन्ही काठ सारखेच भरलेले होते. उत्तरेला काळ्या घडीव दगडाचा घाट होता, मागे शिसवाची दाट राई. गावचा भिवजी चितारी शहरात सरदाराकडे चित्रं काढायचा. लाकडी फळीवर रंग असा चढवायचा की पाण्याला हात लावून बघावंसं वाटे, म्हणे. सरदार एकदा म्हणाला, तुझ्या गावात बघण्यासारखं काय आहे? भिवजीला गावाची मोठी ऐट. त्याने उत्तरेचा काठ काढून नेला. दगड न् दगड, झाड न् झाड.

सरदाराने चित्र बघितलं आणि माणसं पाठवली. घाट उपटला, राई तोडली, गाड्या भरून सगळं शहरात त्याच्या नव्या बागेत गेलं. भिवजी रस्त्याच्या कडेला उभा राहून आपल्या चित्रातली एकेक वस्तू जाताना बघत होता. गावातलं कोणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. ते त्याला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी सरदाराचा निरोप आला, आता दुसरा काठ काढून आण.

नाही म्हणायची सोय नव्हती. भिवजीने फळी घेतली आणि अर्जुनांच्या सावलीत मसण काढलं. पेटलेलं सरण, राखेचे ढीग, फुटकी मडकी. मसणातला दगड आणि मसणातलं लाकूड कोणी घरी नेत नाही, एवढाच त्याचा हिशोब. सरदाराने नाक मुरडलं. पण त्याचा कारभारी संशयी. तो म्हणाला, तिकडून जायचंच आहे, डोळ्यांनी बघून येतो.

भिवजी धावत गावी आला आणि आईपुढे बसून रडला. आईचं नाव गोजरा. म्हातारी खोकल्याने खंगलेली, पण जीभ तिखट.

"पहिलं खरं काढलंस, काठ गेला," ती म्हणाली. "आता खोटं काढलंस, मान जाईल. तुला धड एक काम येत नाही, भिवज्या."

मग तीच बोलली, "मसणाला काय लागतं? एक माणूस लागतं. ते या घरात आहे."

त्याला आधी कळलंच नाही. संध्याकाळी तिने भाकरी परत केली, सकाळी पेज परत केली, तेव्हा कळलं. त्याने पाय धरले. शेजारणींनी समजावलं. ती म्हणे एवढंच बोलली, "त्या माळावर मला नाही जायचं. तिथे सावली नाही."

कारभाऱ्याचे घोडे खिंडीत दिसले त्या सकाळी ती गेली. देवाच्या पाण्याकाठी मढं जाळायचं म्हणून गावात दोघं-चौघं कुरकुरले, पण आडवं कोणी आलं नाही. आता लाकडाची अडचण. अर्जुनाची एक काडी मोडायची नाही, त्यासाठीच तर हे सगळं. मग ज्यांनी वर्षभर भिवजीशी तोंड उघडलं नव्हतं त्यांनी घराघरातून लाकूड आणलं. कोणी जुना नांगर, कोणी दाराची चौकट. तरी कमी पडलं, तेव्हा भिवजीने आपल्या रंगवलेल्या फळ्या आणून रचल्या. रंग जळताना धूर हिरवा-निळा झाला होता, असं सांगतात.

कारभारी आला. त्याने झाडं बघितली, सरण बघितलं, उपरणं नाकाला लावलं. भिवजी डोकं भादरून आगीपाशी उभा होता. कारभारी त्याला म्हणाला, "हुबेहूब काढलंयस रे," आणि घोडा वळवून गेला.

भिवजीने पुन्हा कुंचला धरला नाही. त्या काठावर तो जाई तेव्हा खांद्यावर एक लाकूड घेऊन जाई आणि पुढच्या माणसासाठी ठेवून येई. मरताना सांगून गेला, या काठाचं चित्र कोणाला काढायचं असेल त्याने आधी एक लाकूड आणावं. सरदाराची ती बाग केव्हाच मोडली. आमचा घाट कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही. चित्रं वाळवीने खाल्ली म्हणे.

आजही आमचं मसण तिथेच आहे, आणि ते आहे म्हणून ती झाडं आहेत. आजही फोटो काढणाऱ्याने देवळामागच्या ढिगातलं एक लाकूड खांद्यावर घेऊन जायचं. तुम्हीही न्यायचं, कपडे मळले तरी.

एकाने नाही नेलं. माझ्या धाकट्या भावाची राख अजून सावडायची होती. त्या गृहस्थाने ती बुटाने बाजूला सारली आणि तिथे आपला तीन पायांचा स्टँड रोवला. फोटोत मसण येऊ दिलं नाही, नुसतं पाणी आणि झाडं. शहरात तो फोटो मोठा करून लावला, लोकांनी वाहवा केली. आता रविवारी गाड्या येतात, आणि टेकडीवर प्लॉटच्या खुणांचे चुन्याचे पट्टे पडलेत. भिवजीने निदान आपल्या फळ्या जाळल्या. याने अजून येऊन चुकलो एवढंसुद्धा म्हटलेलं नाही. तुमच्याच शहरातला आहे. भेटला तर सांगा, मी अजून जिवंत आहे. त्याचं नाव मोहनीश खळदकर.