दिसणारं जाळं

ही गोष्ट माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून रानोमाळ हिंडू लागली तेव्हाची. निर्गुडीच्या झुडपावर एक कोळी राहत होता. रोज सकाळी वनमाला नावाची बाई यायची, त्याच्या जाळ्यावर बाटलीतून पाण्याचे बारीक तुषार मारायची आणि फोटो काढायची. सावलीत ते थेंब दिवसभर तसेच राहायचे.

"काय चमकतंय रे तुझं जाळं!" कॅमेरा म्हणायचा. "जरा मधोमध बस. हलू नकोस."

कोळी बसायचा, पण पोट त्याला स्वस्थ बसू देईना. चार दिवसांत एक माशी अडकली नव्हती. तो धागे ओढून बघायचा, पुन्हा ताणायचा, या टोकाहून त्या टोकाला धावायचा. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "कॅमेरादादा, जाळं तर तेच आहे. मग माशा वळून का जातात?"

"आता त्यांनाही लांबूनच दिसतं ना!" कॅमेरा कौतुकाने म्हणाला.

संध्याकाळी कोळ्याने ते जाळं गिळून टाकलं आणि झुडपाच्या आत, पानांच्या आडोशाला नवं विणलं.

सकाळी वनमालाने सगळं झुडूप धुंडाळलं. "अगं बाई, गेलं कुठे?"

"इथे जाळं नाहीच," कॅमेरा कुरकुरला.

तेवढ्यात एक माशी गुणगुणत आली. तिलाही तसंच वाटलं.