धुतलेली नळी

“...आणि त्याला तीन महिन्यांत फवारा कसा काय मिळतो, वस्ताद?”

पिराजीनं हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात रबरी मोजे होते, आणि मोज्यांत एका जुन्या बंदुकीची नळी.

गैबी वस्ताद खांद्यावरचं पांढरं फडकं झटकत होते. त्यांनी ऐकलं. फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं.

“मला अकरा वर्षं झाली,” पिराजी म्हणाला.

“झाली खरी,” वस्ताद म्हणाले. “नळी टांग.”

पिराजीनं नळी तारेच्या आकड्याला टांगली.

वस्तादांच्या घरामागं पडवी होती. तिथं बंदुका दुरुस्त व्हायच्या. परवाना काच लावून भिंतीवर टांगलेला. डोंगराकडची माणसं रानडुकरांपासून पीक राखायला बंदूक बाळगतात. आमच्याकडचा पाऊस चार महिने थांबत नाही, नळ्या गंजून जातात. म्हणून वस्ताद नळीवर सिरॅमिकचा लेप चढवायचे.

काम सोपं दिसतं. नळी टाकीत बुडवून तिचं तेल काढायचं. बारीक खड्याचा मारा करून तिचं अंग खरबरीत करायचं. पुन्हा धुवायचं. तिथून पुढं उघडं बोट लावायचं नाही; बोटाचं तेल लागलं, की लेप धरत नाही. मग फवाऱ्यानं लेप द्यायचा आणि भट्टीत भाजायचा. भट्टी एका बंद पडलेल्या बेकरीतून आणलेली, विजेवरची. तापली की पहिल्यांदा पावाचा वास यायचा, मग बाकीचा.

बुडवणं, घासणं, धुणं पिराजीकडं. फवारा वस्तादांकडं. वस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा पिराजीला वाटलं, आता आपण.

तेवढ्यात निपाणीहून यल्लाप्पा आला. तिकडं तो ट्रॅक्टर रंगवायचा. वस्तादांनी तीन महिने त्याचा हात बघितला आणि फवारा त्याला दिला.

तेव्हापासून पिराजीच्या जेवणाला चव राहिली नव्हती. त्याची बायको मला म्हणायची, “भावजी, हे झोपेत बी त्या यल्लाप्पाचं नाव घेत्यात. माझं कधी घेतलं न्हाई.”

मी त्या पडवीत बंदुकांचे लाकडी दस्ते करायचो. माझी जागा कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या माणसाला सगळं दिसतं.

यल्लाप्पा आत आला.

“या फवारेसरकार,” पिराजी म्हणाला. “आज बंदुकीला हेडलाइट काढणार, का नुसतंच मडगार्ड?”

यल्लाप्पा हसला. त्याला टोमणा कळायचा, पण लागायचा नाही. पिराजीला त्याचाच जास्त राग.

“ही आक्काताईंची नळी न्हवं?” यल्लाप्पानं विचारलं. “बेस धुतलीय, पिराजीअण्णा. मला अशी जमत न्हाई. वस्ताद माझी दोनदा परत पाठवत्यात.”

पिराजी आकड्यावरची नळी उगाच सरळ करत राहिला.

दुपारी वस्ताद नमाजाला उठले. यल्लाप्पा हात धुवायला आडावर गेला.

पिराजीनं उजव्या हाताचा मोजा काढला. अंगठा केसांतून फिरवला. सकाळचं खोबरेल होतं डोक्यात. मग तो अंगठा त्यानं नळीच्या मधोमध टेकवला. दाबला.

मोजा परत चढवला.

मग त्यानं कोपऱ्याकडं बघितलं. मी दस्त्यावर कानस फिरवत राहिलो. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं... नाही बोललो.

यल्लाप्पानं फवारा मारला. त्याचा हात खरंच चांगला होता. एका चालीत गेला, एका चालीत आला. कुठं थेंब नाही, कुठं ओघळ नाही. पिराजी बघत होता. मत्सरात माणूस दुसऱ्याचं काम फार बारकाईनं बघतो.

नळी भट्टीत गेली. पावाचा वास आला.

दुसऱ्या दिवशी आक्काताई आल्या. उंच, काळ्यासावळ्या, पदर कमरेला खोचलेला. नवरा गेल्यावर परवाना त्यांच्या नावावर झाला होता. भात पोटरीत आलं होतं, आणि डुकरांनी दोन वाफे लोळवले होते.

“दे रं बाबा माझी सवत,” त्या म्हणाल्या. “मालक हिलाच उशाशी घेऊन झोपायचे.”

वस्तादांनी नळी घेतली. त्यांना दिसायचं कमी, म्हणून ते नळीवरून बोट फिरवायचे. बोट फिरत गेलं. मधोमध थांबलं. त्यांनी नख लावलं.

लेप सुटून आला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा. खाली अंगठ्याएवढं उघडं लोखंड.

आक्काताई वाकून बघू लागल्या.

“आक्काताई, दोन दिवस द्या,” वस्ताद म्हणाले. “तोवर माझ्याकडची हवेची बंदूक न्या. डुकरं मरणार न्हाईत, पर छर्रा बसला की पळतील.”

आक्काताई पुटपुटत गेल्या.

यल्लाप्पा पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“माझाच हात लागला असंल, वस्ताद.”

“मोजा होता न्हवं?”

“होता... तरी पण. दुसरं कोण हाय? अण्णांनी धुतलेली नळी, तिच्यात खोट कशी असंल?”

पिराजी टाकीकडं तोंड करून उभा होता.

“मी निपाणीला जातो,” यल्लाप्पा म्हणाला. “टॅक्टरच बरा. त्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून नसतो.” त्यानं फवारा फळीवर ठेवला, नीट, तोंड भिंतीकडं करून. “अण्णा, आता तुम्हीच धरा. तुमचाच मान हुता तो.”

आणि तो आपली पिशवी भरायला गेला.

फवारा फळीवर. पिराजीपासून दोन हातांवर. अकरा वर्षं हवा होता तो.

वस्तादांचं बोट त्या उघड्या लोखंडावर. माझी कानस थांबलेली.

पिराजीनं हात पुढं केला... आणि तो हात तसाच राहिला. मग त्यानं मोजा काढला आणि अंगठा वस्तादांच्या पुढं धरला.

“माझा हाय,” तो म्हणाला. “डोक्याचं तेल लावून टेकवला.”

वस्तादांनी त्याचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला. बराच वेळ धरला. ताप बघतात तसा.

“यल्लाप्पा,” त्यांनी आत हाक मारली, “पिशवी खाली ठेव.”

मग पिराजीला म्हणाले, “नळी घे. पहिल्यापासनं.”

पिराजीनं सगळा लेप काढला. नळी बुडवली. खड्याचा मारा दिला. धुतली. तो रडत होता, पण नळीवर थेंब पडू नये म्हणून मान लांब धरून रडत होता. नळी त्यानं आकड्याला टांगली.

“वस्ताद,” तो म्हणाला, “फवारा नको मला. पर सांगा तरी. अकरा वर्षं मला टाकीपाशीच का ठेवलं?”

वस्तादांनी खांद्यावरचं पांढरं फडकं काढलं.

“लेप टिकतो तो धुण्यावर. धुतलेली नळी मी या फडक्यानं पुसून तेल बघतो,” ते म्हणाले. “यल्लाप्पाची दोनदा बघतो. तुझ्या नळीला अकरा वर्षांत हे कधी लावलं का?”

पिराजी आठवत राहिला. टाकीतल्या पाण्याकडं बघत आठवत राहिला...

“न्हाई,” तो म्हणाला.

वस्तादांनी फडक्याची घडी केली आणि ती त्याच्या तळहातावर ठेवली.

“उद्यापासनं लावायचं का न्हाई, तेवढं तू सांग.”