ढिला पट्टा

आज जिथे नुसते खडक उरले आहेत, त्या घाटाच्या पायथ्याशी फार फार वर्षांपूर्वी एक पाणचक्की होती. हैबती नावाचा माणूस ती चालवायचा आणि तिथेच एकटा राहायचा. वरच्या वाडीची माणसं आठवड्यातून एकदा दळण घेऊन यायची आणि पीठ घेऊन निघून जायची.

ओढ्याच्या पाण्याने मोठं चाक फिरे. त्या चाकावरून एक लांब चामडी पट्टा जात्यापर्यंत गेलेला होता, त्याने जातं फिरे. चामडंच ते, वापराने सैल पडायचं. म्हणून दर पंधरा दिवसांनी चाक थांबवून पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघावा लागे. दोन बोटं खाली गेला तर ठीक. जास्त गेला, तर चाकाच्या चौकटीतल्या दोन्हीकडच्या लाकडी पाचरी सारख्याच खोल ठोकून तो ताणून घ्यायचा. बायको होती तोवर हैबती आणि ती हे काम मिळून करत.

ती तापाने गेली. त्यानंतर हैबतीने पट्ट्याला हात लावला नाही.

पट्टा ढिला पडला, चाकावर घसरू लागला. घसरला की कुंईऽऽ करून ओरडायचा. पहिल्यांदा हैबती दचकला. मग त्याला वाटलं, चला, घरात आवाज तरी झाला. चक्की थांबली की भिंती अंगावर येत. चालू असली की कोणीतरी कुरकुरतंय असं वाटे. तोही मधूनच म्हणे, "हो गं, ऐकलं."

वाडीतली सगुणामावशी वयाने मोठी. एकदा तिने पीठ चिमटीत धरून पाहिलं. "हैबती, पीठ जाडं येतंय बाबा. पट्टा ढिला झालाय, दाबून तरी बघ."

"चक्की मला कळते, मावशी," हैबती तुटकपणे म्हणाला.

मावशीने पिठाला गाठ मारली. गाठोडं उचलून घाट चढू लागली. ती वळणाआड जाईपर्यंत हैबती दारात उभा होता. हाक मारावीशी वाटली, पण तो मागे वळून चक्कीकडे गेला.

पावसाळ्यात घाटाची वाट चार महिने बंद होई. त्याआधीच्या आठवड्यात सगळी वाडी चार महिन्यांचं दळण घेऊन आली. घसरून घसरून पट्टा तापला होता, त्याच्या कडा झिजल्या होत्या. दुसऱ्याच गोणीला तो तुटला. नवं चामडं कमवायला महिना लागणार होता आणि आभाळ तर भरून आलं होतं. माणसं धान्य तसंच घेऊन परत गेली. त्या पावसाळ्यात वाडीतल्या बायांनी रोज पहाटे हातानेच दळलं.

आणि खाली हैबतीला चार महिने ना माणूस दिसला, ना चक्कीचा आवाज आला. नवा पट्टा शिवता शिवता त्याला कळून चुकलं, की आपण काय जपत बसलो होतो.

वाट मोकळी झाली त्या दिवशी तो घाट चढून सगुणामावशीच्या दारात गेला. मान खाली घालून म्हणाला, "पट्टा ढिला आहे हे मला ठाऊक होतं, मावशी. पण तो ओरडायचा ना, त्याचीच सोबत वाटायची."

मावशीच्या हातांना दळून दळून घट्टे पडले होते. ते हात तिने पदराला पुसले.

"मग हाक मारायची होतीस, मेल्या," ती म्हणाली. "एका घाटाचं तर अंतर."

दोघं खाली आली. मावशीने नवा पट्टा दाबून धरला, हैबतीने पाचरी ठोकल्या. एकीकडची पाचर जास्त बसली, तसा पट्टा चाकाच्या कडेला सरकला. ती सैल करून पुन्हा ठोकली. चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी दाबून पाहिलं. मग पाणी सोडलं, तसा पट्टा न ओरडता फिरू लागला.

एकटेपणा काही संपला नाही. पण ज्या दिवशी दळण नसे, त्या दिवशी हैबती दाराला कडी लावून वाडीची वाट धरू लागला.

तात्पर्य : एकटं वाटलं तर माणसाला हाक मारावी; बिघाडाला सोबती करून ठेवलं, तर त्याची झळ दुसऱ्यांनाही बसते.