घोंगडीखालचा दगड

फार जुनी गोष्ट आहे, तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही आधीची. एका डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. त्या गावाला राजा नव्हता. काही ठरवायचं झालं की सारी माणसं कातळावर जमत आणि भांडता भांडता संध्याकाळ करत. खालच्या खोऱ्यातले लोक त्यांना हसत.

पण गावाचा एक रिवाज होता. सभेच्या मधोमध एक सपाट दगड होता. ज्याच्याबद्दल ठरवायचं तो माणूस सभेला येऊ शकत नसेल, तर कुणीतरी त्या दगडावर बसायचं आणि त्याच्या वतीनं बोलायचं. आजाऱ्यासाठी, परगावी गेलेल्यासाठी, अगदी चोरासाठीसुद्धा. तोवर निर्णय होत नसे.

गाव अंबाडीचे दोर वळायचं. प्रत्येक दोरात एक लाल पेड असायचा, ती गावाची खूण. डोंगराखाली समुद्रकाठी एका राजाची मिठागरं होती. गाव त्याला होड्यांसाठी दोर द्यायचं, तो गावाला मीठ द्यायचा. राजा क्रूर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण मिठावाचून ना माणसांचं भागतं ना गुरांचं, आणि जवळपास दुसरं मीठ नव्हतं.

सौदा ठरवायला राजाचा दूत सभेत येई. पहिल्याच वर्षी मिठागरातल्या माणसांसाठी कुणीतरी दगडावर बसू लागलं, तसं त्यानं नाक मुरडलं. आमच्या प्रजेच्या वतीनं बोलणारे तुम्ही कोण, असं विचारलं. पाहुण्याचं मन कशाला दुखवायचं, म्हणून रायाबानं आपल्या खांद्यावरची घोंगडी दगडावर टाकली. दोर घेऊन खाली जायचं काम रायाबाकडेच होतं. माणूस सरळ, पण भिडस्त. तेव्हापासून दूत आला की दगड झाकायचा, हाही एक रिवाजच होऊन बसला.

एका वर्षी दूतानं जाड दोरांबरोबर पुष्कळ दावी मागितली. गावानं हौसेनं वळून दिली. दाव्यानं गुरं बांधतात, मग मिठागरात एवढी गुरं कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. कुणाच्या मनात आलं असेल, तर तो बोलला नाही.

पुढच्या खेपेला रायाबा मिठागरात पोचला. भर उन्हात एक माणूस खाऱ्या पाण्यात उभा राहून मीठ ओढत होता. त्याच्या पायात दावं होतं आणि दाव्याचं दुसरं टोक खुंटाला बांधलेलं होतं. दाव्यात लाल पेड होता.

"तुमच्या गावचंच ना हे?" त्या माणसानं विचारलं. "फार चिवट वळता."

हे शब्द रायाबानं आजवर कौतुक म्हणूनच ऐकले होते.

सभा भरली. दूताला या वर्षी दुप्पट दावी हवी होती. रायाबानं पाहिलेलं सांगितलं, तशी तरुण माणसं उसळली आणि सौदाच मोडा म्हणाली. मग गुरं काय चाटतील, असं एका म्हातारीनं विचारलं, आणि तिचंही खोटं नव्हतं. दूत घोंगडीपाशी बसून शांतपणे ऐकत होता.

रायाबा उठला. त्यानं घोंगडी ओढून काढली आणि तो दगडावर बसला.

"मी मिठागरातला माणूस बोलतोय," तो म्हणाला. "मीठ घेऊ नका असं मी म्हणत नाही. तुम्ही थांबलात तर राजा आधी आमचीच भाकरी तोडेल. होड्यांना दोर द्या, मीठ घ्या. पण माझ्या पायात तुमच्या हातचं दावं नको. आणि माझ्याबद्दल ठरवताना हा दगड झाकू नका."

असं असेल तर मीठ निम्मंच मिळेल, असं दूतानं बजावलं.

"मिळू दे निम्मं," म्हातारी म्हणाली.

ते वर्ष वाईट गेलं. जेवण अळणी झालं, गुरं गोठ्याच्या भिंती चाटू लागली. रायाबाचा मीठ वाहणारा बैल गेला. लोक त्याला टाकून बोलत आणि तो ऐकून घेई. खाली राजाला दावी दुसरीकडून मिळाली. एकही माणूस सुटला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण होड्यांना तसे दोर दुसरं कुणी वळत नव्हतं, म्हणून दूत दरवर्षी येत राहिला. दरवर्षी त्याला उघड्या दगडासमोर बसून मिठागरातल्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागे.

पुष्कळ वर्षांनी राजाची सत्ता बुडाली. आता मीठ कोण देणार, या काळजीनं गाव कातळावर जमलं होतं. तेवढ्यात पाठीवर मिठाचं पोतं घेतलेला एक म्हातारा घाट चढून आला. त्याच्या घोट्याभोवती जुना वण होता. रायाबानं त्याला ओळखलं.

"तुम्ही इथं आमच्यासाठी काय बोलायचात, ते दूताचे हमाल खाली येऊन सांगायचे," तो म्हणाला. "आम्ही दरवर्षी वाट बघायचो."

मग मीठ उतरवून तो दगडावर बसला. "आता माझं मी बोलतो," तो म्हणाला. रायाबा मान खाली घालून रडला.

म्हणून लक्षात ठेवा: गरजेपोटी जुलमी माणसाशी व्यवहार करावा लागला तर करावा, पण त्याची मर्जी राखायला आपल्या घरचा न्याय झाकू नये.