उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसाचा विस्तव

कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतकी जुनी ही गोष्ट. पश्चिमेच्या समुद्रात एक हिरवं, थंडगार बेट होतं. तिथे उन्हाळा लागला की लोकांना आनंद व्हायचा आणि धास्तीही वाटायची. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी घरातला विस्तव कुणाला दिला, तर त्याच्याबरोबर वर्षभराचं लोणी जातं, असं तिथे सगळेच मानत.

एका म्हातारीकडे एकच गाय होती. लोण्यावरच तिचं पोट चालायचं. म्हणून तिने आदल्या संध्याकाळी लोण्याच्या राखणीसाठी तिथल्या रीतीप्रमाणे उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरली, दाराला अडसर लावला, आणि धूर पाहून कुणी विस्तव मागायला येऊ नये म्हणून चूल राखेने झाकून टाकली. पहाटेपासून ती गारठलेल्या घरात साय घुसळत बसली. मध्येच उठून फटीतून बाहेर बघायची, गोठ्यात डोकवायची, पुन्हा रवी धरायची. खांदे भरून आले, पण लोणी काही येईना. ही राखण ती लग्न होऊन आल्यापासून करत होती.

इतक्यात दार वाजलं. बाहेर शेजारीण होती. छप्पर गळून तिची चूल विझली होती आणि तान्हं पोर थंडीने काकडत होतं. चार घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

म्हातारीने अडसर काढला. दया आली म्हणून काढला असं मी सांगणार नाही. ती दमली होती.

"ने बाई," ती म्हणाली. "विस्तव ने, लोणीही ने. माझ्याच्याने आता राखण होत नाही."

तिने राख बाजूला केली, वर लाकडं घातली. शेजारीण खापरात निखारे घेऊन पळाली. थोड्या वेळाने पोराला पाठीशी बांधून ती परत आली. घुसळण चाललेल्या घरातून रवीला हात न लावता जायचं नाही, हाही तिथलाच रिवाज, आणि धांदलीत तो राहून गेला होता.

"आजी, तुम्ही जरा पडा," म्हणत तिने रवी धरली.

म्हातारीला जाग आली तेव्हा लोण्याचा गोळा वर आला होता. साय नुसती गारठली होती. चुलीची ऊब लागली आणि लोणी आलं.

पुढच्या वर्षी तिने फुलं पसरली. अडसर मात्र लावला नाही. तेवढी ताकदही उरली नव्हती, आणि गरजही.

देण्यात जेवढं जातं, त्याहून जास्त राखण्यात जातं.